दोघींच्याही सह्या

मी एकोणीस वर्षं कतारमध्ये, दोह्यातल्या एका भारतीय शाळेत मुलींच्या विभागाची डिसिप्लिन इन्चार्ज होते, असं नाशकात कुणाला सांगितलं की हल्ली एकच प्रश्न येतो. "म्हणजे त्या कोरियन सीरियलमधल्यासारखं का हो?" शेजारची इंजिनिअरिंगची मुलगी विचारते, दातांचे डॉक्टर माझ्या तोंडात आरसा घालून विचारतात, बँकेतल्या बाईंनी तर शिक्का मारता मारता विचारलं. नाही हो, तसं नाही. तसं असतं तर माझे गुडघे गेले नसते.

ती सीरियल मी पाहिली आहे. सगळे भाग पाहिले, कारण शाळेतल्या बाराशे मुली ती पाहत होत्या आणि शत्रू काय खातो ते ठाऊक असावं लागतं. ज्यांनी पाहिली नसेल त्यांना थोडक्यात सांगते. जिथे गुंड पोरांनी शाळा ताब्यात घेतली आहे तिथे सरकार एक खास अधिकारी पाठवतं. लांब कोट, गॉगल. तो मैदानाच्या मधोमध फोल्डिंगची खुर्ची उघडून बसतो. दहा पोरं अंगावर धावून येतात. चौघांना तो बसल्या बसल्या लोळवतो, उरलेल्यांना उठून. मध्येच एखादा विनोद करतो. घाबरट हेडमास्तर कारंज्यात पडतो. एका भागात एक शाळा सुधारते, पुढच्या भागात दुसरी. मला एकदा आठवीतली हरवलेली कंपासपेटी शोधायला तीन आठवडे लागले होते, आणि ती शेवटी वर्गशिक्षिकेच्याच कपाटात निघाली.

माझा मुख्य राग वेगळा आहे. त्या अख्ख्या सीरियलमध्ये कुणी एकही फॉर्म भरत नाही. हात पिरगाळणं सोपं असतं. हात पिरगाळून झाल्यावर दोन्हीकडच्या आयांना समोरासमोर बसवून "पाणी घेणार का?" विचारायचं असतं, ते काम अवघड. ते काम करणारी बाई त्या सीरियलमध्ये असती तर ती मागे कुठेतरी धूसर दिसली असती, फायली घेऊन जाताना.

तर आमचं काम. बाहेरच्यांना वाटतं, डिसिप्लिन इन्चार्ज म्हणजे ओरडणारी बाई. ओरडणं दहा टक्केसुद्धा नव्हतं. निम्मं काम उभं राहण्याचं होतं. सकाळी गेटपाशी, मधल्या सुट्टीत वॉशरूमच्या दारापाशी, सुटताना बसच्या रांगेपाशी. काही करायचं नाही, फक्त दिसायचं. उरलेलं काम कागदाचं. उशिरा आली, चिठ्ठी. नखं वाढवली, डायरीत शेरा. मोबाइल सापडला, पालकांना पत्र.

गिऱ्हाइकं मात्र एकेक नमुनेदार. एका मुलीने केसांची एक बट सोनेरी करून घेतली होती. आईला बोलावलं. बाई शांतपणे म्हणाल्या, "मॅडम, दोह्याचं पाणी. समुद्राचं ना, केसांवर परिणाम होतो." मी म्हटलं, "एकाच बाजूला?" बाई म्हणाल्या, "ती त्या कुशीवर झोपते." या उत्तराला माझ्याकडे फॉर्म नव्हता. दुसरे एक गृहस्थ, तेल कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, मुलीची नेलपॉलिशची बाटली मी जप्त केली म्हणून कंपनीच्या लेटरहेडवर निषेध घेऊन आले. सहीखाली पद लिहिलं होतं आणि खालच्या दोघांना प्रतीही पाठवल्या होत्या. आखातात राहून माणसाला लेटरहेडवर बोलायची सवय लागते.

पण या सगळ्याच्या तळाशी एक भीती असायची, आणि ती समजल्याशिवाय आमची शाळा समजणार नाही. तिथे प्रत्येकाचं बिऱ्हाड बापाच्या नोकरीवर आणि त्या नोकरीच्या व्हिसावर उभं असतं. शाळेतली गोष्ट गेटबाहेर गेली, कुणी पोलिसांचं नाव काढलं, तर ती कुठवर जाईल याचा नेम नाही, असं सगळ्यांनाच वाटायचं. कुणाचं काही वाकडं झालेलं मी पाहिलं नाही, पण भीतीला पुरावा लागत नाही. म्हणून पालक, शिक्षक, प्रिन्सिपल, सगळ्यांना एकच हवं असायचं. आतल्या आत मिटवा, खलास.

मिटवण्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं. माझी पद्धत अशी: भांडण आलं की दोघींना बोलवायचं, दोघींचं ऐकायचं, आणि दोघींकडूनही लिहून घ्यायचं. 'मी यापुढे भांडण करणार नाही.' त्याला सगळे अंडरटेकिंग म्हणत. प्रत्येकीचा कागद प्रत्येकीच्या फाइलला. कोण चुकलं, कोण बरोबर, यात पडायचंच नाही. पडलं की एक आई जिंकते, दुसरी हरते, आणि हरलेली आई घरी जाऊन फोन करत सुटते. दोघींच्याही सह्या घेतल्या की दोन्ही आया सारख्याच नाराज होऊन जातात. एकोणीस वर्षांत माझं एकही प्रकरण गेटबाहेर गेलं नाही. स्टाफरूममध्ये नव्या शिक्षिकांना मी हे शिकवायची. आज ते आठवून माझे मलाच दोन शब्द सुनावावेसे वाटतात, आणि ते मी पुढे सुनावणारच आहे.

गोष्ट दोह्यात फुटबॉलचा वर्ल्ड कप झाला त्या वर्षाची. स्पर्धा काही महिन्यांवर आली होती. कोरोनानंतर शाळा नुकतीच पूर्ण भरू लागली होती, आणि दोन वर्षं घरात बसून मुलींनी अभ्यास किती केला माहीत नाही, कोरियन सीरियली मात्र तोंडपाठ केल्या होत्या. तिकडे सगळं शहर पाहुण्यांसाठी नटत होतं. रस्ते खणले जात होते, बुजवले जात होते, परत खणले जात होते. आठवडाभर जो डावीकडे जायचा तो रस्ता पुढच्या आठवड्यात उजवीकडे जायचा. या सगळ्या जागतिक सोहळ्याने माझ्या पदरात काय टाकलं? पश्चिमेकडच्या मुऐदर वस्तीची बस. पूर्वी अर्ध्या तासात घरी पोचणाऱ्या मुली आता सव्वा तास बसमध्ये असत. आणि शाळेतला सगळा त्रास बसमध्येच होतो, हे या धंद्यातलं साधं सत्य. वर्गात बाई असते. बसमध्ये एक नॅनी असते, ती पहिल्या सीटवर बसून केजीच्या पोरांची दप्तरं सांभाळते.

दोह्याच्या बसमध्ये सत्ता कशावर असते? सावलीच्या सीटवर. दुपारी सुटलेली बस पश्चिमेकडे निघाली की डाव्या बाजूच्या काचा तापतात. एसी तिथवर पोचत नाही, रेक्झिनला हात लावला तर चटका बसतो. उजवीकडे त्याच बसमध्ये माणूस झोपू शकतो. मुऐदरच्या बसमध्ये कुणी कुठे बसायचं ते रिया ठरवायची. रिया अकरावीतली, आणि तिचे वडील शाळेच्या मॅनेजिंग कमिटीवर. तिची चौकडी उजवीकडे मागे. लहान मुली डावीकडे.

याची पहिली तक्रार घेऊन आली ती तन्वी खैरनार. नववीतली, उंच, मान खाली घालून चालणारी. वडील एका स्टेडियमच्या वातानुकूलनाच्या कामावर, एका ठेकेदाराकडे फोरमन. घर मुऐदरमध्ये, एका व्हिलाचे तुकडे पाडून भाड्याने दिलेल्या दोन खोल्यांत. तन्वीला मराठी सगळं समजायचं, पण माझ्याशीसुद्धा ती इंग्रजीतच बोलायची. तिने तक्रार लेखी आणली होती, मुद्दे एक-दोन-तीन करून. रिया माझं दप्तर उचलून उन्हाच्या बाजूला फेकते. मी दोघींना बोलावलं. दोघींचं ऐकलं. दोघींच्याही सह्या घेतल्या.

"मॅम, मी काय केलं?" सही करताना तिने विचारलं.

"कुणी काही केलं म्हणत नाहीये गं. ही फक्त फॉर्मॅलिटी आहे."

दुसऱ्या वेळी तिची पाण्याची बाटली कुणीतरी तापलेल्या सीटवर ओतली होती. पंचेचाळीस डिग्रीत सव्वा तास पाण्याशिवाय. मी रियाला चांगलं फैलावर घेतलं, हे खरं. आणि मग दोघींच्याही सह्या घेतल्या.

त्याच सुमारास रियाच्या वडिलांनी, म्हणजे मेंबरसाहेबांनी, मुलीबरोबर ती सीरियल पाहिली आणि त्यांना साक्षात्कार झाला. कमिटीच्या बैठकीत त्यांनी टेबलावर मूठ आपटून सांगितलं, की आपल्या शाळेला असल्याच शिस्तीची गरज आहे. प्रिन्सिपल मॅमनी विचारलं, "यानी सर, मारना है?" साहेब म्हणाले, "नहीं नहीं, मारना नहीं. वो लुक चाहिए." मग लुक आला. बारा निवडक मुलींचं 'डिसिप्लिन स्क्वॉड'. काळे ब्लेझर, दंडावर लाल पट्टी. मे महिन्यात, दोह्यात, ब्लेझर. पहिल्याच दिवशी असेंब्लीत दोन स्क्वॉडवाल्या चक्कर येऊन पडल्या आणि ज्यांच्यावर त्या नजर ठेवणार होत्या त्याच मुलींनी त्यांना उचलून सिकरूममध्ये नेलं. स्टाफरूममध्ये आम्ही पोट धरून हसलो. मग स्क्वॉडच्या प्रमुखाचं नाव जाहीर झालं. रिया.

माझं हसू ओसरलं, पण तोंड उघडलं नाही. दुसऱ्या दिवशी प्रिन्सिपल मॅमनी मला केबिनमध्ये बोलावलं. "मॅडम, लीडरची फाइल क्लीन हवी. वडिलांनी पाहायला मागितली तर बरं नाही दिसत." मी कपाट उघडलं, रियाच्या फाइलमधून दोन अंडरटेकिंगं काढली आणि फाडून टाकली. तन्वीची काढली नाहीत. कुणी सांगितलंच नव्हतं, आणि माझ्या डोक्यातही आलं नाही. आलं असतं तर काढली असती का? असती, असं म्हणायला मला आवडेल.

तिसऱ्या वेळी तन्वी स्वतःची तक्रार घेऊन आलीच नव्हती. दुसरीतली एक चिमुरडी उन्हाच्या बाजूला बसून ओकली होती, आणि लाल पट्टीवाल्या स्क्वॉडने तिला 'बस घाण केली' म्हणून सीटवरून उठवून उभं ठेवलं होतं. तन्वी तिच्या वतीने भांडली आणि तक्रार घेऊन माझ्याकडे आली. मी तन्वीची सही घेतली. रियाचा कागद "नंतर बघू" म्हणून बाजूला ठेवला. माझ्या त्या नामांकित न्यायात आता एकच बाजू उरली होती, आणि तरीही मला वाटत होतं, मिटवलं.

जूनमधल्या एका दुपारी बस स्टेडियमजवळच्या वळणरस्त्यावर अडकली. पुढे सिमेंटचे ट्रक, मागे सिमेंटचे ट्रक. अर्धा तास झाला. तन्वी उठली. रियाच्या दंडावरची पट्टी तिने काढून घेतली आणि स्वतःच्या दंडावर चढवली. मग उजवीकडच्या मोठ्या मुलींना एकेक करून उठवलं, डावीकडे बसवलं, आणि लहानग्यांना सावलीत आणलं. रियाने हात उगारला, तेव्हा तन्वीने तो मनगटात धरून पिरगाळला आणि तिला उन्हातल्या सीटवर बसवलं. कुणाला इजा झाली नाही. रियाच्या घड्याळाचा पट्टा तेवढा तुटला. एका मुलीने लपवून आणलेल्या मोबाइलवर हे सगळं टिपलं, मागे त्या सीरियलचं संगीत लावलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला तास व्हायच्या आत ते अख्ख्या शाळेने पाहिलं होतं. शिक्षिकांनी दोन-दोनदा पाहिलं. मीही हसले. खोटं कशाला सांगू, मला मनापासून आनंद झाला होता.

दुपारी मेंबरसाहेब आले. लुक हवा असलेल्या साहेबांना आता लुक नको होता. त्यांना टीसी, म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला हवा होता, तन्वीचा. प्रिन्सिपल मॅमनी नियमाचं पुस्तक काढलं: तीन अंडरटेकिंग झाली असतील तर टीसी देता येतो. तन्वीची फाइल काढली. तीन. तारखांसकट, स्वच्छ अक्षरात, खाली माझी सही. रियाच्या फाइलमध्ये एकही नाही. मला रिपोर्ट लिहायला सांगितलं. आणि मी लिहिला, हे इथे कबूल करते. 'दोन्ही विद्यार्थिनींमध्ये पूर्वीपासून मतभेद होते.' मतभेद! एक बाटली ओतते, दुसरी तहानलेली घरी जाते, याला मी मतभेद म्हटलं. माझं कॉन्ट्रॅक्ट त्याच महिन्यात रिन्यू व्हायचं होतं, आणि माझा व्हिसा शाळेवर होता. दुसऱ्यांच्या भीतीवर मी आत्ताच एवढं बोलले, तर माझीही सांगायला हवी.

टीसी म्हणजे काय, ते तन्वीच्या आईने मला सांगितलं. त्या संध्याकाळी त्या अल मन्सूरातल्या आमच्या फ्लॅटवर आल्या, मेट्रो बदलत, हातात स्टीलच्या डब्यात पुरणपोळ्या. मला वाटलं, रडतील, विनवण्या करतील. मी वाक्यंही तयार ठेवली होती. बाईंनी डबा ओट्यावर ठेवला आणि म्हणाल्या, "मॅडम, तुमचे आभार मानायला आले."

"कसले आभार, ताई?"

"तीन वेळा तुम्ही मिटवलं ना. पोरगी घरी येऊन म्हणायची, मॅमनी सही घेतली, आता बंद होईल. म्हणून आम्ही निवांत होतो. यांना साइटवरून सुट्टी नाही, स्टेडियमचं हँडओव्हर आलंय. मी म्हटलं, शाळेत आपल्या मराठी मॅडम आहेत, काळजी नाही."

त्याच पुढे म्हणाल्या, "आता नाव काढलं तर दुसरीकडे सीट नाही. सगळीकडे वेटिंग आहे, विचारून आले मी. नववीलाच बोर्डाची नोंदणी होते म्हणे. मग मी दोन्ही पोरं घेऊन सटाण्याला जाईन, हे इथं बॅचलर रूममध्ये राहतील. होईल कसं तरी, इन्शाल्ला." मग जरा थांबून, "तीन वेळा मिटलं होतं तर मग हे कसं झालं हो?"

त्यांना खरंच कळत नव्हतं. टोमणा नव्हता तो. टोमणा असता तर मला पेलला असता. डबा परत द्यायचा म्हणून मी पोळ्या ताटलीत काढायला घेतल्या. मला माझी लाज वाटली, साध्या मराठीत ज्याला लाज म्हणतात ती.

कमिटीच्या बैठकीत चेअरमन, मेंबरसाहेब, प्रिन्सिपल मॅम आणि मी. माझा रिपोर्ट सगळ्यांसमोर होता. मी म्हणाले, "हा रिपोर्ट चुकीचा आहे. तिन्ही वेळा तक्रार तन्वीने केली होती. तिची चूक एकदाही नव्हती."

चेअरमन म्हाताऱ्या सज्जनांपैकी, त्यांनी चष्मा काढला. "तो फिर बच्ची ने साइन क्यों किया?"

"मी करायला लावली. मी दोघींनाही लावते, म्हणजे भांडण वाढत नाही."

"तो दूसरी के पेपर कहाँ हैं?"

प्रिन्सिपल मॅम खिडकीतून बाहेर बघू लागल्या. मेंबरसाहेब टेबलाकडे. मी म्हणाले, "मी फाडले." कुणी सांगितलं म्हणून, ते मी म्हणाले नाही. सगळ्यांना ठाऊक होतं, आणि हात माझेच होते.

मग चेअरमननी तोडगा काढला. त्या खोलीतल्या प्रत्येकाला तो पटला, याचंच मला आज नवल वाटतं. टीसी नाही. तन्वीचे तिन्ही कागद रद्द. स्क्वॉड बंद, ब्लेझर घरी. पण बसमध्ये हात पिरगाळला गेला होता, व्हिडिओ होता, तेव्हा काहीतरी लेखी हवं. एकच कागद करायचा. त्यात तन्वी लिहून देईल की ती पुन्हा असं करणार नाही, आणि मॅडम लिहून देतील की पद्धतीत त्यांची चूक झाली. "दोनों साइन कर दें. बात यहीं खत्म." मेंबरसाहेबांनी मान डोलावली. रियाने काय लिहून द्यायचं, हे कुणी विचारलं नाही. मीही विचारलं नाही, कारण तन्वीची सीट वाचत होती आणि मला तेवढंच दिसत होतं.

माझं कॉन्ट्रॅक्ट त्या वर्षी रिन्यू झालं नाही. निरोप समारंभात मला वर्ल्ड कपचं चिन्ह असलेला एक शोभेचा चेंडू मिळाला. त्याबद्दल माझी तक्रार नाही. साठीला दोनच वर्षं उरली होती आणि गुडघे उभं राहू देत नव्हते.

पण तो कागद. क्लार्कने तो टाइप करून आणला. तन्वीला तासावरून बोलावलं. ती माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली, मान खाली घालून, जशी पहिल्या दिवशी आली होती. तिला सांगायचं मी खूप काही ठरवलं होतं. की जुने कागद गेले. की ती बरोबर होती. की मी चुकले. निदान माझी चूक त्या कागदात लिहिली होती, म्हणून मी तो तिच्यापुढे सरकवला आणि म्हणाले, "आधी वाच, तन्वी. सगळं नीट वाच. नाही पटलं तर सही करू नकोस, मी बघते पुढचं."

तिने कागदाकडे पाहिलंही नाही. टेबलावरचं पेन उचललं, खाली जिथे रेघ होती तिथे सही केली, तारीख घातली.

"अगं, वाच तरी."

"इट्स ओके, मॅम," ती म्हणाली. मग तिने कागद माझ्याकडे वळवला, दुसऱ्या रेघेवर बोट ठेवलं, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मराठीत म्हणाली, "तुमची इथे."